टायर हाही एक गिअरच: कारखान्याच्या अ‍ॅक्सल रेशोला साजेसे ऑफ-रोड टायर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की फोन सुरू होतात. "दादा, गाडीला कुठले टायर टाकू?" कंपनी कुठली, नक्षी कुठली, किती इंची, सगळं विचारून होतं. गाडीच्या अ‍ॅक्सलचा रेशो किती, हे मात्र शंभरात एखाद्यालाच ठाऊक असतं. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. गेली बरीच वर्षं जिप्सी आणि आता पाच दारांची मॅन्युअल जिमनी चालवताना जे शिकलो आणि मित्रांच्या थार, रँग्लरखाली आडवं पडून जे पाहिलं, ते इथे प्रश्नोत्तरांत मांडतो आहे.

अ‍ॅक्सल रेशो म्हणजे नेमकं काय?

गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे येणारा फिरता दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, ज्या गोळ्यात शिरतो, त्या डिफच्या (डिफरन्शिअलच्या) पोटात दोन गिअर एकमेकांत अडकलेले असतात. शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन आणि चाकांकडे जाणारं मोठं क्राऊन. त्यांच्या दातांचं प्रमाण म्हणजे अ‍ॅक्सल रेशो. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ११ असतील तर ४१ भागिले ११, म्हणजे ३.७३. शाफ्ट ३.७३ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. पिनियनला १० दात असतील तर ४.१०, ९ असतील तर ४.५६.

आकडा मोठा तितकी चाकावरची ओढ जास्त, आणि त्याच वेगाला इंजिनाला घ्यावे लागणारे फेरेही जास्त. गॅरेजमध्ये "लो गिअर" म्हणतात तेव्हा आकडा मोठा असतो, "हाय" म्हणतात तेव्हा लहान. इथे नव्या माणसाचा हमखास घोटाळा होतो, म्हणून मी आकडाच बोलतो.

मग टायरचा यात काय संबंध?

इंजिनापासून जमिनीपर्यंतच्या साखळीत टायर ही शेवटची कडी. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारा आणि हाय-लो अशा दोन रेंज देणारा डबा), क्राऊन-पिनियन आणि मग टायरची त्रिज्या. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे अ‍ॅक्सलचा आकडा न बदलताही तो कमी केल्यासारखाच परिणाम होतो. हिशोब सोपा आहे: मूळ रेशोला जुन्या व्यासाने गुणा आणि नव्या व्यासाने भागा. आलेला आकडा हा तुमच्या गाडीचा आताचा खरा रेशो.

उलटा हिशोबही तितकाच उपयोगाचा. मूळ रेशोला नव्या व्यासाने गुणून जुन्याने भागलं, की मोठ्या टायरवर कारखान्यासारखी ओढ परत मिळवायला कोणता रेशो लागेल ते कळतं.

टायरचा व्यास कसा काढायचा? बाजूला तर इंचात काहीच लिहिलेलं नसतं.

जिमनीचा टायर घ्या: १९५/८० आर१५. रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १५६. भिंत वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून ३१२. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवा. झाले ६९३ मिलिमीटर, म्हणजे सव्वासत्तावीस इंच.

हा कागदावरचा व्यास झाला. गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा बसतो, शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर एक-दीड सेंटिमीटरने वेगळे भरू शकतात. मड टेरेनच्या, म्हणजे चिखलासाठीच्या खोल नक्षीच्या, नव्या टायरवर रबराचे ठोकळे जाड असतात, झिजलेल्या टायरवर नसतात. तेव्हा घेण्याआधी दुकानात मोजपट्टी लावून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

माझ्या गाडीचा रेशो कुठे सापडेल?

आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक आणि सर्व्हिस मॅन्युअल बघा. जीपसारख्या काही गाड्यांच्या डिफच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी असते, तिच्यावर दातांची संख्या किंवा थेट रेशो ठोकलेला असतो. जुन्या गाडीची पट्टी बहुतेक वेळा गायब, आणि असली तरी मधल्या काळात कोणी डिफ बदललेला असू शकतो.

खात्रीचा उपाय हाताने मोजण्याचा. सपाट जागी पुढच्या चाकांना पुढूनमागून दगड नव्हे, चांगले लाकडी ठोकळे लावा. गाडी टू-व्हीलवर, गिअर न्यूट्रल. दोन्ही मागची चाकं जॅकने उचलून स्टँडवर घ्या आणि मगच हँडब्रेक सोडा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. दोन्ही चाकं सारखीच, एकाच दिशेने एक पूर्ण फेरा फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते दुसऱ्याला मोजायला सांगा. चारपेक्षा जरासा जास्त फिरला तर ४.१० च्या आसपास, पावणेचारला थोडा कमी पडला तर ३.७३. अचूक आकड्यासाठी चाकाचे दहा फेरे मोजून दहाने भागा.

तर माझ्या रेशोला किती मोठा टायर चालेल?

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर मी स्वतःच्या खिशातून पैसे घालून शिकलो.

१.५ लिटर इंजिनाच्या जिमनीत मॅन्युअलला ४.०९० आणि ऑटोमॅटिकला ४.३०० असा रेशो असतो. मी पहिल्याच वर्षी २३५/७५ आर१५ मापाचे मड टेरेन घातले. व्यास ७३३ मिलिमीटर, मूळच्यापेक्षा जवळजवळ ६ टक्के जास्त. टायरवाला म्हणाला, "साहेब, एवढ्याने काही होत नाही." दिसायला गाडी अशी झाली, की सोसायटीतली पोरं फोटो काढायला यायची.

मग भोरवरून वरंधा घाटाने महाडला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत चढायला घेतलं. चौघे माणसं, मागे सामान. आधी ज्या चढांवर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ने निवांत जायची, तिथे तिसरा सोसेना. दुसरा टाकला की इंजिन ओरडायला लागायचं, तिसरा टाकला की गाडी धापा टाकायची. घरी येऊन कागद-पेन घेतलं. ४.०९० गुणिले ६९३ भागिले ७३३, म्हणजे ३.८७. अ‍ॅक्सल उघडला नव्हता, तरी मी रेशो ४.०९ वरून ३.८७ वर नेऊन ठेवला होता. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला आधी इंजिन मिनिटाला साधारण २१०० फेऱ्यांवर असायचं, ते १९८० वर आलं. या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क, १३४ न्यूटन-मीटर, ४००० फेऱ्यांवर मिळतो. म्हणजे आधीच खाली असलेलं इंजिन मी आणखी खाली ढकललं होतं. टायरचं वाढलेलं वजन वेगळंच.

आता माझ्या गाडीला २१५/७५ आर१५ आहेत. व्यास ७०३, फरक दीड टक्का. घाटात तिसरा परत मिळाला.

या अनुभवावरून आणि इतरांच्या गाड्या बघून मी स्वतःसाठी काही मर्यादा ठरवल्या आहेत. व्यासातला ३ टक्क्यांपर्यंतचा फरक बिनघोर. ३ ते ७ टक्क्यांत गाडी चालते, पण तुम्हाला गिअर एक पायरी आधी बदलावा लागतो. दमदार टर्बो इंजिन असेल तर सवय होऊन जाते, जिमनी-जिप्सीसारखं टर्बो नसलेलं लहान इंजिन असेल तर प्रत्येक चढावर जाणवत राहतं. ७ च्या वर क्राऊन-पिनियन बदलण्याचा विचार सुरू करा, आणि १० च्या वर तो खर्च धरूनच टायरची किंमत मोजा.

म्हणजे अ‍ॅक्सलचा आकडा जितका मोठा, तितका मोठा टायर चालेल, इतकं सरळ आहे?

नाही. अ‍ॅक्सलचा आकडा गिअरबॉक्सच्या आकड्यासोबत वाचावा लागतो.

अमेरिकेतल्या जीप रँग्लरचं उदाहरण बोलकं आहे, कारण एकाच गाडीला कारखान्यातून वेगवेगळे रेशो मिळत. २००७ साली आलेल्या जेके रँग्लरला ३.२१, ३.७३ आणि ४.१० असे पर्याय होते. पहिल्या काही वर्षांत ३.८ लिटरचं इंजिन आणि चार स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्याचा पहिला गिअर २.८४. त्याला ३.७३ ने गुणलं तर १०.६. त्यानंतरच्या जेएल रँग्लरमध्ये आठ स्पीडचा ऑटोमॅटिक आला, पहिला गिअर ४.७१. तो अगदी ३.४५ अ‍ॅक्सलवर धरला तरी १६.२. नुसता अ‍ॅक्सल पाहिला तर जुनी गाडी जास्त ओढीची वाटेल, आणि प्रत्यक्षात उभ्या जागेवरून निघताना नवी गाडी दीडपट ओढीची. म्हणून जुन्या जेकेला ३५ इंची टायर लावणारे सगळे पुढे गिअर बदलताना दिसत, आणि जेएलवाले बरेच जण कारखान्याच्या गिअरवरच खुश असतात. आपल्याकडे रांजणगावला २०२१ पासून जी रँग्लर जुळवली जाते, ती या आठ स्पीडच्या पिढीतली.

दुसरी गंमत ट्रान्सफर केसची. जिप्सीच्याच घराण्यातल्या, अमेरिकेत विकल्या गेलेल्या सुझुकी समुराईचा अ‍ॅक्सल ३.७२७. ऐकायला फारच कमी. पण तिच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय रेंजसुद्धा १ ला १ नसून १.४०९ आहे. दोन्ही गुणले की ५.२५. या घराण्याच्या गाड्या एवढ्याशा इंजिनावर डोंगर कशा चढतात, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

क्रॉल रेशो कशाला बघायचा?

लो रेंजमध्ये, पहिल्या गिअरला, इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरतं तो आकडा म्हणजे क्रॉल रेशो. पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केसचा लो गुणिले अ‍ॅक्सल. मॅन्युअल जिमनीचा ४.४२५ गुणिले २.००२ गुणिले ४.०९०, म्हणजे ३६. रुबिकॉन रँग्लरमध्ये ट्रान्सफर केसचा लो ४ ला १ असतो, त्यामुळे आठ स्पीड ऑटोमॅटिक आणि ४.१० अ‍ॅक्सलवर तो ७७ पर्यंत जातो.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा अ‍ॅक्सल ४.८८ होता. १९४५ मध्ये ती जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली तेव्हा तो ५.३८ केला, नांगर ओढायला. तिचा क्रॉल रेशो सुमारे ३७, आजच्या जिमनीच्या शेजारचा. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या. ५.३८ अ‍ॅक्सल आणि ६.००-१६ चे अरुंद टायर ही सीजेची जोडी विचारपूर्वक लावलेली होती, आणि त्या अरुंद टायरवर जीप कुठे कुठे गेल्या हे आपल्या वाडवडिलांनी पाहिलं आहे.

मोठा टायर हा क्रॉल रेशोही खातो. माझ्या २३५ च्या टायरवर ३६ चा ३४ झाला होता. चढताना दोनाचा फरक क्लच सांभाळून घेतो. उतरताना मात्र तो थेट इंजिन ब्रेकिंगमधून जातो. ओल्या जांभ्याच्या उतारावर पाय ब्रेकपासून दूर ठेवून नुसत्या इंजिनावर उतरणाऱ्याला हे दोन आकडे चांगलेच कळतात.

जड टायर म्हणता, तर वजनाने असा किती फरक पडतो?

बराच, आणि तो रेशोच्या हिशोबात दिसत नाही. मजबूत बांध्याच्या २८५/७० आर१७ चा एक टायर रिमशिवायच २५ किलोच्या आसपास भरतो. रस्त्याच्या साध्या टायरपेक्षा चारही चाकांवर पाच-सात किलो वाढले आणि वर मागच्या दारावर स्टेपनी तशीच जड. हे वजन नुसतं वाहायचं नसतं, फिरवायचं असतं, आणि तेही बाहेरच्या कडेला. सिग्नलवरून निघताना, घाटातल्या वळणातून बाहेर पडताना, प्रत्येक वेळी इंजिन ते फिरवायला घेतं आणि प्रत्येक वेळी ब्रेक ते थांबवतात. शिवाय व्यास वाढला की ब्रेकची तरफही कमी पडते. तितकंच थांबायला पेडल जास्त दाबावं लागतं.

म्हणून बाजूवरचं लोड रेंजचं अक्षर बघा. सी म्हणजे ६ प्लाय दर्जा, डी म्हणजे ८, ई म्हणजे १०. दहा प्लायचा टायर जड सामान वाहणाऱ्या दोन-अडीच टनी गाड्यांसाठी. बाराशे किलोच्या जिमनीखाली तो दगडासारखा ताठ राहतो, हवा कमी केली तरी नीट पसरत नाही आणि पाठीचे मणके मोजून घेतो. हलक्या गाडीला साधा प्रवासी दर्जाचा किंवा फार तर सी पुरे. लोड इंडेक्स मात्र मूळच्यापेक्षा खाली येऊ देऊ नका. जिमनीचा ९६, म्हणजे प्रत्येक टायरला ७१० किलो. मड टेरेनवर वेगाचं अक्षर बऱ्याचदा क्यू असतं, म्हणजे ताशी १६० ची मर्यादा. ती आपल्याला पुष्कळ झाली.

ऑल टेरेन की मड टेरेन?

वर्षातले किती दिवस तुम्ही खरोखर चिखलात असता, ते प्रामाणिकपणे मोजा. आपल्याकडे पठारावर काळी माती आहे. ओली झाली की ती टायरच्या खाचांत लिंपली जाते आणि टायर गुळगुळीत गोटा होतो. मड टेरेनच्या रुंद खाचा चाक जरा जोरात फिरवलं की ती माती फेकून देतात, ऑल टेरेन ती धरून ठेवतो. मावळात किंवा मुळशीच्या भातखाचरांच्या कडेने जुलैमध्ये हिंडायचं असेल तर मड टेरेनला तोड नाही.

पण ते चाक जोरात फिरवायला इंजिनात ओढ लागते. कमी रेशोवर मोठा मड टेरेन घातला की चिखलात चाक फिरतच नाही, इंजिन बंद पडतं. जो फायदा घ्यायला टायर घेतला तोच हातातून गेला! म्हणून मूळ मापाचा मड टेरेन हा दोन माप मोठ्या ऑल टेरेनपेक्षा चिखलात सरस ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

कोकणात, जांभ्यावर आणि डांबरावर ऑल टेरेन बरा. ओल्या डांबरी रस्त्यावर मड टेरेनची पकड कमी असते, आवाज येतो आणि पावसाळ्यातल्या घाटाच्या वळणावर त्याच्यावर विसंबू नये.

रुंद टायरने पकड वाढते ना?

मऊ वाळूत वाढते. सह्याद्रीतल्या चिखलात बहुतेक वेळा खाली वीतभरावर कठीण मुरूम किंवा कातळ असतो. अरुंद टायर चिखल कापून तिथवर पोचतो, रुंद टायर वरच तरंगत बसतो. रुंदीने स्टिअरिंग जड होतं, वळवताना आतल्या प्लास्टिकला घासतं आणि वजन वाढतं ते वेगळंच. उंची हवी असेल तर घ्या, रुंदी शक्यतो मूळच्या जवळ ठेवा.

थारला १६ इंची रिम चांगली की १८?

२०२० च्या थारला कंपनीने स्वतःच दोन मापं दिली: २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८. व्यास ७७४ आणि ७८९, फरक जेमतेम २ टक्के. पण पहिल्याची रबराची भिंत १८४ मिलिमीटर, दुसऱ्याची १६६. दगडांत जायचं असेल तर १६ ची रिम घ्या. हवा कमी केल्यावर लवायला भिंत मिळते आणि रिम वाचते. १६ वर २६५/७५ घातला तर व्यास ८०४, म्हणजे ४ टक्के वाढ. टर्बो इंजिन ती ओढून नेतं. २८५/७० आर१७ घातला की वाढ ७ टक्क्यांवर जाते, तिथे मी थांबून दोनदा विचार करीन.

ऑटोमॅटिक गाडीला मोठा टायर कमी त्रासाचा असतो का?

चालवणाऱ्याला कमी जाणवतो, कारण टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग) उणीव झाकतो. झाकताना तो जास्त घसरतो आणि तेल तापतं. घाटात गाडी सारखी वरचा-खालचा गिअर शोधत राहिली, तर तिला ओव्हरड्राइव्ह बंद करून किंवा हाताने खालच्या गिअरमध्ये धरून ठेवा, आणि गिअरबॉक्सचं तेल कंपनीने सांगितल्यापेक्षा लवकर बदला. जिमनीच्या ऑटोमॅटिकला कारखान्यानेच ४.०९० ऐवजी ४.३०० दिला आहे. चारच गिअर असल्यामुळे तिथे ओढीची गरज जास्त, हे कंपनीलाही माहीत आहे.

क्राऊन-पिनियन बदलायचंच ठरवलं तर काय काय बघायचं?

पहिली गोष्ट, फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही अ‍ॅक्सल एकत्र बदलावे लागतात. एकच बदलून फोर-व्हील टाकलं तर पुढची आणि मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि मधल्यामध्ये ट्रान्सफर केस भरडला जातो. म्हणजे खर्च दुप्पट धरूनच चाला.

दुसरी, आकडा हिशोबाने निवडा. मला २३५ च्या टायरवर मूळची ओढ परत हवी असती तर ४.०९० गुणिले ७३३ भागिले ६९३, म्हणजे ४.३३ च्या जवळचा रेशो लागला असता. वजनाची भरपाई म्हणून लोक याहून एक पायरी पुढे जातात, ते योग्यच. पण क्राऊनचा आकार तोच ठेवून आकडा वाढवायचा, तर पिनियनचे दात कमी होतात आणि त्याचं डोकं लहान होतं. लहान पिनियन कमकुवत. फार लोभ केला तर चढावर दात उडतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, बसवणारा माणूस. पिनियन किती आत बसलं, दातांमध्ये मोकळीक किती, बेअरिंगवर ताण किती, हे सगळं मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजून शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावाव्या लागतात. दातांना रंग लावून, फिरवून, ठसा कुठे उमटतो ते बघायचं असतं. माझ्या एका मित्राच्या गाडीचं काम एका गॅरेजमध्ये अंदाजाने झालं. साठच्या वेगाला रडल्यासारखा आवाज यायचा, आणि सहा महिन्यांत दोन्ही गिअर खराब. डायल गेज नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका. झाल्यावर पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश चालवून डिफ पूर्ण थंड होऊ द्या, पहिले ८०० किलोमीटर जड ओझं किंवा लांब चढ टाळा आणि मग तेल बदला. त्या तेलात बारीक चकचकीत कीस निघतो, घाबरू नका. तुकडे निघाले तर मात्र थांबा.

फक्त लो रेंजमधली ओढ हवी असेल तर समुराईवाले अ‍ॅक्सलला हात न लावता ट्रान्सफर केसचे गिअर बदलतात. एकच डबा उघडायचा, दोन अ‍ॅक्सल नाहीत. ज्या गाडीला असे गिअर मिळतात, तिथे हा मार्ग आधी तपासा.

स्पीडोमीटर चुकीचं दाखवतो का?

हो, कमी दाखवतो. ६ टक्के मोठ्या टायरवर काटा ८० वर असताना तुम्ही ८५ च्या जवळ असता. कारखान्यातून येणारा काटा मुळात थोडा जास्त दाखवतो म्हणून काहींचा हिशोब जुळल्यासारखा वाटतो. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा पडताळून पाहा. ओडोमीटरही कमी मोजतो: ४०० किलोमीटर दाखवले तर प्रत्यक्षात ४२३ झालेले असतात. "मोठ्या टायरने अ‍ॅव्हरेज फारच पडलं" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी ही दुरुस्ती केलेली नसते.

लडाखला जायचंय, मोठे टायर घालून जाऊ का?

लेह ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते, आणि खिंडी तर आणखी वर. पुण्यात जो टायर ओढायला जेमतेम जमतो, तो तिथे पहिल्या गिअरमध्येही जड जातो. मूळ मापाचे, मजबूत भिंतीचे ऑल टेरेन आणि दुसरी स्टेपनी घेऊन जा. टर्बो गाड्यांना त्रास कमी, पण टर्बो हवा भरेपर्यंतच्या खालच्या फेऱ्यांत त्याही मंद होतात आणि मोठा टायर त्यांना नेमका तिथेच धरून ठेवतो.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळं होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठळकपणे सांगितलं. तुमच्या मॉडेलच्या कुठल्याही प्रकाराला कंपनीने दिलेल्या मापात राहणं सगळ्यात सुरक्षित. मोठे टायर, लिफ्ट किट, बाहेर आलेली चाकं यावरून अपघातानंतर विमा कंपनी प्रश्न विचारू शकते. आधी त्यांना लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा.

सध्या दोनच टायर बदलले तर चालेल?

फोर बाय फोरला नाही. पुढचे-मागचे व्यास वेगळे असले की कठीण रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये सगळी साखळी आखडते, आणि एबीएसलाही चाकांचे वेग जुळताना दिसत नाहीत. पाचही सारखे घ्या, स्टेपनीसकट, आणि स्टेपनीलाही फिरतीत ठेवा. पैसे कमी पडत असतील तर लहान मापाचे पाच घ्या, मोठ्या मापाचे दोन नकोत.

काढलेले मूळ टायर विकून टाकू का?

ठेवा. जमलं तर जुन्या रिमांसकट. माझे पाच घराच्या मागे, उन्हापासून दूर, फळीवर ठेवले आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मड टेरेन चढतात आणि दसऱ्याला उतरतात. मग पुढचे आठ महिने गाडी हलकी पळते, ब्रेक नेहमीसारखे लागतात आणि महागाचे टायर डांबरावर झिजत नाहीत. उतरवताना प्रत्येक टायरवर खडूने चाकाची जागा लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या जूनला फिरवाफिरव करताना शोधाशोध होत नाही.